लगीन झालंय, पण पुरावा कुठाय?

२०२३ च्या ऑक्टोबरातली गोष्ट. तासगाव तालुक्यात द्राक्षाच्या फळछाटणीची धांदल चालू होती. एका बागेत डोळे फुटले होते, हवा ढगाळ होती, दावण्याची धास्ती होती, म्हणून पाहणीला गेलो होतो. बागेच्या मालकांना सारं गाव तात्या म्हणतं, आपणही तात्याच म्हणू. बाग दाखवायचं सोडून तात्यांनी बंडीच्या खिशातून घडी घातलेला कागद काढला.

"सायेब, औषधाचं ऱ्हाऊ द्या. आदी ह्ये वाचून सांगा. पोरीला आलंय. समदं इंग्रजीत हाय."

कागद कॅनडा सरकारच्या इमिग्रेशन खात्याचा होता. दोन पानं भरून मजकूर, पण गोळाबेरीज एवढीच की, तुमचा विवाह खरा आहे याबद्दल आमची खात्री पटलेली नाही, तीस दिवसांत तुमचं म्हणणं आणि पुरावे सादर करा. नकार देण्याआधी अर्जदाराला बोलायची एक संधी देतात, त्यातलं ते पत्र होतं.

तात्या बांधावरच बसले. "हजार माणूस जेवलं सायेब. तुमीबी हुतासा पंगतीत. आन् ह्ये म्हंत्यात लगीन खरं न्हाई?"

मी खरंच पंगतीत होतो. मे २०२२ मध्ये लग्न झालं तेव्हा जिलबीचं ताट घेऊन दोन फेऱ्याही मारल्या होत्या. मुलगा वाळवा तालुक्यातला. कॅनडात शिकायला गेला, नोकरी लागली, तिथला कायम रहिवासी झाला, म्हणजे लोक 'पीआर' म्हणतात ते. तीन आठवड्यांची रजा काढून आला. पाहण्याचा कार्यक्रम, साखरपुडा, लग्न, पूजा, देवदर्शन सगळं त्यातच उरकलं आणि जोडप्याला एकत्र राहायला जेमतेम नऊ दिवस मिळाले. मग तो विमानात बसला आणि मुलगी सासरी राहिली. सप्टेंबरात बायकोला नेण्यासाठी अर्ज केला. वर्षभर वाट पाहून हातात आलं ते हे पत्र.

शेतीच्या पानावर व्हिसाची गोष्ट कशाला, असं कुणी म्हणेल. पण आमच्या खानापूर, आटपाडी, तासगाव भागातली माणसं गलाईच्या धंद्यासाठी पिढ्यान्‌पिढ्या देशभर गेली. बायका मागाहून रेल्वेनं गेल्या. टीसीनं तिकीट विचारलं, लग्नाचा दाखला कुणी विचारला नाही. आता त्याच घरांतली नातवंडं टोरांटोला, मेलबर्नला, न्यू जर्सीला निघाली आहेत. तिथं तिकिटाआधी दाखला लागतो, आणि नुसत्या दाखल्यानंही भागत नाही. ज्या घरात पोरीला परदेशातलं स्थळ आलं आहे, त्या घरानं हे लग्नाच्या आधी वाचावं म्हणून लिहितो आहे.

परक्या साहेबाला काय दिसतं?

कॅनडाच्या नियमावलीत चौथं कलम याच गोष्टीचं आहे. अर्ज तपासणारा अधिकारी दोन प्रश्न विचारतो. लग्न खरं आहे का? आणि लग्नाचा मुख्य हेतू कॅनडात शिरकाव करणं हा होता का? २०१० च्या सप्टेंबरापर्यंत दोन्ही गोष्टी अर्जदाराच्या विरुद्ध गेल्या तरच नकार मिळे. तेव्हा नियम बदलला. आता दोन्हीपैकी एक विरुद्ध गेली तरी अर्ज फेटाळता येतो. आणि खरं असल्याचं दाखवायची जबाबदारी अर्जदारावर असते. 'खोटं आहे हे तुम्ही सिद्ध करा' असं तिथं म्हणता येत नाही.

आपण रागावतो, पण त्या साहेबाच्या बाजूनंही बघावं. तो पंगतीत नव्हता. त्यानं अक्षता टाकल्या नाहीत. त्याच्या टेबलावर फक्त फाईल आहे. पैसे घेऊन कागदोपत्री लग्न करणारे आणि तिकडं पोचल्यावर वेगळे होणारे लोक आहेत, हेही त्याला ठाऊक आहे. मग तो खुणा शोधतो. ओळख किती दिवसांची? दोन्ही घरची माणसं हजर होती का? लग्नानंतर बोलणं चालू आहे का? भेट झाली का? एकमेकांच्या घरची, कामाची माहिती आहे का? दोघांनी वेगवेगळं लिहिलेलं जुळतं का?

ठरवून केलेलं लग्न असलं म्हणून ते साहेब लोक खोटं धरत नाहीत. आपल्याकडे पंधरा मिनिटांच्या भेटीत लग्न ठरतं हे त्यांना माहीत आहे आणि लग्न ज्या समाजात झालं त्या समाजाच्या रीतीनं ते तोललं जातं. पण ती रीत कागदावर दिसावी लागते. गावात जे सगळ्यांनाच माहीत असतं ते कुणी लिहून ठेवत नाही. अडचण तिथंच आहे.

आम्हा शेतीखात्यातल्यांना याची सवय आहे. गारपीट झाली हे अख्ख्या गावाला दिसतं. पण पीकविम्यात ७२ तासांत कळवायची अट असायची, तेव्हा कळवायचं राहिलं की डोळ्यांदेखत गेलेल्या पिकाचं नुकसानही कागदावर यायचं नाही. लग्नाचंही तसंच झालं होतं.

एका पोरीच्या तीन पोरी

त्या रात्री तात्यांच्या सोप्यात बसून अर्जाची प्रत वाचली. मुलगी सासरहून आली होती. पत्रातल्या शंका काही हवेतून आलेल्या नव्हत्या.

पहिली गोष्ट नावाची. लग्नपत्रिकेत चि. सौ. कां. लावून छापलेलं नाव घरचं, लाडाचं. पासपोर्टात शाळेच्या दाखल्यावरचं नाव. आणि विवाहनोंदणीत सासरचं नवं नाव, म्हणजे ताटातल्या तांदळावर अंगठीनं लिहिलेलं. आपल्याकडे लग्नात मुलीचं पहिलं नावसुद्धा बदलायची पद्धत आहे. गावाला त्यात काही वावगं वाटत नाही. पण त्या साहेबाच्या टेबलावर एका पोरीच्या तीन पोरी झाल्या.

दुसरी गोष्ट तारखेची. नवऱ्यानं त्याच्या फॉर्मात लग्नाची तारीख मे महिन्यातली लिहिली. मुलीच्या फॉर्मात जुलैमधली होती. मुलाच्या सुटीत ग्रामपंचायतीचे कागद पुरे झाले नव्हते, दाखल्यावर जुलैची तारीख पडली होती आणि फॉर्म भरणाऱ्यानं तीच उचलली. दोन्ही तारखा खऱ्या, पण एक लग्नाची आणि एक दाखल्याची.

तिसरी गोष्ट सगळ्यांत वाईट. 'तुमची ओळख कशी झाली' या प्रश्नाला नवऱ्यानं लिहिलं होतं, मामांनी स्थळ सुचवलं. मुलीच्या फॉर्मात लिहिलं होतं, लग्न जुळवणाऱ्या वेबसाइटवर भेटलो. मुलगी म्हणाली, "मी असं सांगितलंच न्हाई." अर्ज शहरातल्या एका एजंटानं भरला होता. आधीच्या कुणाच्या तरी अर्जातला मजकूर त्यानं तसाच उतरवला असावा. मुलीनं न वाचता सही केली होती. इंग्रजी होतं, एजंट घाईत होता आणि वडील बाहेर गाडी लावून थांबले होते.

मी तात्यांना म्हटलं, "साहेबाचं काय चुकलं? मी असतो तर मीही विचारलं असतं."

तात्या काही बोलले नाहीत. मुलगी मात्र म्हणाली, "मग आता खरं काय ते लिहूया." तीच त्या घरातली पहिली शहाणी.

तीस दिवसांत काय जमवलं

दुसऱ्या दिवसापासून शोधाशोध सुरू झाली. घरात काय काय होतं ते पाहून आम्हीच थक्क झालो.

सोनाराची पावती निघाली. मंगळसूत्राची, तारखेसह. मंगल कार्यालयाची पावती, आचाऱ्याचं बिल, बस्त्याचं बिल. साखरपुड्याचे फोटो, त्यात दोन्हीकडचे आई-वडील. सत्यनारायणाच्या पूजेचे फोटो. जेजुरीला नवऱ्यानं रीतीप्रमाणे बायकोला उचलून पायऱ्या चढल्या, तो फोटो, आणि मागं भंडाऱ्यानं पिवळी झालेली सासू हसते आहे.

२०२३ च्या जानेवारीत जावई महिनाभर येऊन गेला होता. विमानाचं तिकीट होतं, पासपोर्टावरचे शिक्के होते. तेव्हाच पहिली संक्रांत झाली. काळी साडी, हलव्याचे दागिने, शेजारी जावई. या फोटोला आपण हौस म्हणतो. पण लग्नाला आठ महिने झाल्यावर नवरा परत आला, सण केला, दोन्ही घरं एकत्र होती, हे सगळं त्या एका फोटोत तारखेसह आलं. पहिला दिवाळसण, मंगळागौर, संक्रांत, हे नव्या जोडप्याचे सण म्हणजे आपल्याकडची विवाहाची वहिवाटच आहे. फक्त फोटोमागं कुणी तारीख लिहीत नाही.

मुलीचं नाव माहेरच्या रेशनकार्डावरून कमी करून सासरच्या कार्डावर चढवलं होतं. तो दाखला मिळाला. नवरा दर महिन्याला तिच्या खात्यावर पैसे पाठवत होता. ते बँकेच्या उताऱ्यात दिसत होतं. नोकरीतल्या विम्याला त्यानं वारस म्हणून बायकोचं नाव लावलं होतं, ते पत्र त्यानं पाठवलं. फोनवरचं बोलणं तर रोजचं. पण त्याचा ढीग पाठवून उपयोग नसतो. कॅनडाच्या यादीत फोटो वीसपर्यंत आणि पत्रव्यवहाराची दहाएक पानं एवढंच मागतात. म्हणून दर महिन्यातला एक-दोन दिवसांचा मजकूर निवडला. त्यात प्रेमाच्या गप्पांपेक्षा सासऱ्यांच्या मोतीबिंदूचं ऑपरेशन, उसाचं बिल आणि 'आज भाजी काय केलीस' हेच जास्त होतं. मला वाटतं तेच बरं झालं. संसार असाच असतो.

नावांसाठी तिन्ही नावं एकाच मुलीची असल्याचं प्रतिज्ञापत्र केलं. तांदळावर नाव लिहायची पद्धत काय आहे ते त्यात दोन ओळींत सांगितलं. राजपत्रात नाव प्रसिद्ध करण्याचा अर्जही भरला आणि त्याची पोच जोडली. तारखांचा खुलासा केला. मराठी कागदांचं इंग्रजी भाषांतर भाषांतरकाराच्या शपथपत्रासह करून घेतलं. पत्रिकेतलं 'चि. सौ. कां.' इंग्रजीत कसं सांगायचं, यावर भाषांतर करणाऱ्या सरांनी अर्धा तास घालवला.

आणि एजंटाच्या चुकीबद्दल सरळ लिहिलं की, फॉर्म दुसऱ्यानं भरला, मी न वाचता सही केली, ही माझी चूक, खरी हकीकत खालीलप्रमाणे. झाकून ठेवलं असतं तर ती चूक खोटेपणा ठरली असती. कॅनडात खोटी माहिती दिल्याचं ठरलं तर पाच वर्षं पुन्हा दार उघडत नाही.

मग नवरा-बायकोनं आपापलं पत्र लिहावं असं ठरलं. मी एकच अट घातली. एकमेकांना विचारायचं नाही, कुणाचं बघून लिहायचं नाही. मुलीनं मराठीत लिहिलं. पाहण्याच्या दिवशी दोघांना गच्चीवर पंधरा मिनिटं बोलायला पाठवलं होतं. तेव्हा मुलगा आपणहून म्हणाला होता की, मी इंजिनिअरिंगला एक वर्ष नापास झालो, हे तुमच्या घरी कुणी सांगितलं नसेल, नंतर कळण्यापेक्षा आता कळलेलं बरं. "तवाच मी मनात हो म्हटलं," असं तिनं लिहिलं होतं.

चार दिवसांनी मुलाचं पत्र आलं, इंग्रजीत. त्यातही तीच गच्ची आणि तेच नापास झालेलं वर्ष. 'ते ऐकून ती हसली नाही की गप्पही झाली नाही, कुठल्या विषयात राहिला होता एवढंच तिनं विचारलं,' असं त्यानं लिहिलं होतं. मी दोन्ही पत्रं तात्यांना वाचून दाखवली. तात्यांना दीड वर्षात यातलं काहीच ठाऊक नव्हतं.

"पाच वर्षं ओळखतो असं ल्या की"

ओळखीच्या माणसांची शपथपत्रं जोडायची होती. तात्यांनी मला गळ घातली. "तुमी सरकारी माणूस. तुमचा शिक्का भारी. दोघास्नी पाच वर्षं वळखतो असं ल्या की."

मी म्हटलं, मुलीला ओळखतो, पण जावयाला मांडवातच पहिल्यांदा पाहिलं.

"दोन वळीनं तुमचं काय वतन जातंय व्हय?"

"माझं वतन नाही जात तात्या, पोरीचा कागद जातोय."

तात्यांना राग आला. दोन दिवस बोलले नाहीत. पण पंचनामा करताना जे डोळ्यांनी पाहिलं तेच लिहायचं असतं. शेजारच्या रानातलं नुकसान ऐकीव म्हणून घातलं की खरं नुकसानसुद्धा खोटं ठरतं. मी पाच वर्षं लिहिलं असतं आणि साहेबानं तपासलं असतं, तर त्या काळात माझी नेमणूक दुसऱ्या जिल्ह्यात होती. एक ओळ खोटी निघाली की बाकीच्या पन्नास पानांवर पाणी पडतं.

म्हणून मी एवढंच लिहिलं: अमुक तारखेच्या लग्नाला मी हजर होतो. मुहूर्त चाळीस मिनिटं लांबला. दोन्हीकडची माणसं हजर होती, मी स्वतः जेवण वाढलं. नंतर नागपंचमीला मुलगी माहेरी आली होती, तेव्हा मी कामानिमित्त त्या घरी होतो आणि तिच्या नवऱ्याचा फोन आलेला मी पाहिला. खाली सही. शिक्का नाही, कारण ते सरकारी काम नव्हतं.

२०२४ च्या फेब्रुवारीत, बेदाण्याची लगबग चालू असताना, पासपोर्ट मागवणारं पत्र आलं.

सगळ्यांचंच असं होईल अशी हमी मी देत नाही. अर्ज फेटाळला गेला असता तर कॅनडातल्या नवऱ्याला तीस दिवसांत तिथल्या अपील विभागाकडे दाद मागता आली असती. पण त्यात आणखी काळ जातो, वकील लागतो आणि इकडं पोरीकडे गाव बघत राहतं.

देशागणिक रीत वेगळी

ऑस्ट्रेलियात चार बाजूंनी तोलतात: पैशाचा व्यवहार, घरसंसार, समाजातली ओळख आणि एकमेकांशी बांधिलकी.

अमेरिकेत नागरिक किंवा ग्रीनकार्डधारक नवरा आय-१३० नावाचा अर्ज करतो. अर्जाच्या वेळचा पुरावा वेगळा, आणि पुढं वकिलातीत मुलाखत असते ती वेगळी. लग्नाला दोन वर्षं होण्याआधी तिथं पोचलं तर दोन वर्षांचंच सशर्त ग्रीनकार्ड मिळतं आणि ती मुदत संपायच्या आधीच्या ९० दिवसांत संसार चालू असल्याचं पुन्हा दाखवावं लागतं. हा कायदा १९८६ चा. खोट्या लग्नाला पाच वर्षांपर्यंत कैद आणि अडीच लाख डॉलरपर्यंत दंड आहे. शिवाय एकदा खोटं लग्न केल्याचं ठरलं की पुढचं लग्न खरं असलं तरी त्या माणसासाठी केलेला अर्ज मंजूर होत नाही. आपल्याकडची बरीच मुलं तिथं एच-१बी वर असतात. त्यांच्या बायका एच-४ वर जातात. त्यांनाही लग्नाचा दाखला, फोटो जवळ ठेवावेच लागतात.

ब्रिटनमध्ये लग्न खरं आणि चालू असल्याच्या पुराव्याबरोबर उत्पन्नाची अट आहे. एप्रिल २०२४ मध्ये ती वर्षाला १८,६०० पौंडांवरून २९,००० पौंडांवर नेली. तिथला इतिहास तर आपल्या लोकांनी विसरू नये असा आहे. १९७९ च्या जानेवारीत लग्नासाठी लंडनला उतरलेल्या एका भारतीय शिक्षिकेची हीथ्रो विमानतळावर कौमार्य तपासणी केली गेली. बातमी फुटल्यावर भारतात संताप उसळला आणि तो प्रकार बंद करावा लागला. पुढं 'या लग्नाचा मुख्य हेतू ब्रिटनमध्ये येणं हा नव्हता' असं अर्जदारानंच सिद्ध करायचा नियम होता. तो १९९७ च्या जूनमध्ये रद्द झाला. पुरावा मागणं आणि माणसाची अब्रू काढणं यांत फरक आहे. कागद मागितले तर द्यावेत, पण आपला मान सोडून काही करू नये.

नोंदणी म्हणजे लग्न नव्हे

आपल्याकडे १९९८ चा विवाह नोंदणी कायदा आहे. गावात नोंदणी ग्रामपंचायतीत होते, जिथं आपण ग्रामसेवक भाऊसाहेब म्हणत आलो. नमुना 'ड' भरायचा, तीन साक्षीदार, लग्न लावणाऱ्या भटजींची सही, वयाचे पुरावे, पत्रिका, फोटो. लग्नानंतर ९० दिवसांच्या आत हे करायचं असतं. मग नमुना 'ई' चा दाखला मिळतो. २००६ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं देशभर विवाहनोंदणी सक्तीची करायला सांगितलं.

पण अलीकडे उलटाच प्रकार सुरू झाला आहे. मुलाला रजा नाही, व्हिसाला वेळ लागतो, म्हणून आधी नुसती नोंदणी करून ठेवायची आणि लग्न पुढच्या वर्षी सावकाश लावायचं. २०२४ च्या एप्रिलमध्ये सर्वोच्च न्यायालयानं याच पद्धतीवर बोट ठेवलं. हिंदू विवाह कायद्याखालचं लग्न विधी होऊनच लागतं. विधी झालेच नसतील तर दाखला कागदच राहतो, असं सांगून व्हिसासाठी अशी नोंदणी करण्याच्या प्रथेबद्दल न्यायालयानं स्पष्ट नापसंती दाखवली. म्हणजे विधीशिवाय नोंदणी खोटी आणि नोंदणीशिवाय लग्न परदेशात मुकं. ज्यांना विधी नकोत त्यांना १९५४ चा विशेष विवाह कायदा मोकळा आहे. त्यात आधी तीस दिवसांची नोटीस लागते, ते धरून रजा ठरवावी. आणि नवरा तिकडं, नवरी इकडं, असं फोनवर लागलेलं लग्न कॅनडाच्या व्हिसाला २०१५ पासून चालत नाही.

पोरीच्या बाजूनं

एक गोष्ट बापमंडळींनी नीट ध्यानात घ्यावी. हा पुरावा फक्त परक्या साहेबासाठी नाही. लग्न करून, हुंडा घेऊन परदेशी निघून गेलेले आणि पुन्हा फोन न उचलणारे जावईही आपण पाहिलेत. तेव्हा मुलीच्या हातात दाखला, फोटो, पत्ता, पासपोर्टची प्रत काहीच नसतं. विधी आयोगानं २०२४ च्या फेब्रुवारीत दिलेल्या २८७ व्या अहवालात अनिवासी भारतीयांची लग्नं सक्तीनं नोंदवावीत अशी शिफारस केली, ती याच कारणानं. जी फाईल व्हिसासाठी लागते तीच वेळ आली तर कोर्टात मुलीची ढाल होते. म्हणून फाईलची एक पूर्ण प्रत मुलीच्या स्वतःच्या ताब्यात ठेवा. सासरच्या कपाटात नको, बापाच्या ट्रंकेतही नको.

काय करावं, थोडक्यात

लग्नाआधी मुलाचा पासपोर्ट, व्हिसा किंवा पीआर आणि नोकरीचे कागद पाहावेत. विचारायला लाजू नये.

पत्रिकेत दोघांची नावं पासपोर्टाप्रमाणे छापावीत. लाडाचं नाव हवंच तर खाली कंसात.

मुलीचं पहिलं नाव निदान कागदावर बदलू नये. तांदळावर हवं ते लिहावं, घरात हवी ती हाक मारावी.

मुलगा परत जाण्याआधी दोघांनी मिळून ग्रामपंचायतीत नोंदणी उरकावी. साक्षीदारांना कागद घेऊन लग्नाच्या दिवशीच बोलवावं.

पावत्या फेकू नयेत. फोटोमागं तारीख, ठिकाण आणि कोण कोण आहे ते लिहावं.

लग्नानंतर पैसे हातानं न देता खात्यावर पाठवावेत. विमा, बँक, रेशनकार्ड यांत बायकोचं नाव लावावं.

फॉर्म आणि सूचना त्या-त्या सरकारच्या वेबसाइटवर फुकट मिळतात. कॅनडासाठी पैसे घेऊन सल्ला देणारा तिथला नोंदणीकृत सल्लागार किंवा वकीलच असावा लागतो. कुणीही भरून दिलं तरी मुलीनं प्रत्येक ओळ मराठीत समजून घेतल्याशिवाय सही करू नये.

आणि नसलेला पुरावा तयार करू नये. हनिमूनला गेला नसाल तर 'गेलो नाही, रजा नव्हती' असं लिहावं. ते खरं आहे आणि खऱ्याला पाठांतर लागत नाही.

परवा वैशाखात तात्यांच्या धाकट्या मुलाचं लग्न ठरलं. मुलगी शेजारच्याच गावची, परदेशाचा काही संबंध नाही. याद्या करायला मलाही बोलावलं होतं. मानपान, बस्ता, भांडी, वाजंत्री असं एकेक लिहून झालं. शेवटी तात्या लिहिणाऱ्या पोराला म्हणाले, "खाली आणखी एक वळ घाल. ग्रामपंचायत, नमुना ड. आन् नाव पासपोर्टावानी."

पोरगं म्हणालं, "तात्या, हिचा पासपोर्टच न्हाई."

"मग शाळंच्या दाखल्यावानी घाल," तात्या म्हणाले आणि माझ्याकडे बघून हसले.